जरा चालण्याचा आवाज ऐकवा

प्रिय लेका,

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, आंघोळ आणि देवापुढचं बसणं उरकल्यावर, मी आपल्या टीव्हीच्या पाठीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिलो. तुझी आई चहा घेऊन आली ती तिथंच उभी राहिली. म्हणाली, “काय म्हणतोय? ताप आहे का त्याला?” मी हातानंच तिला थांबवलं. एकतीस वर्षं कागद गिरणीत कागद दाबणाऱ्या रुळांची बेअरिंगं मी अशीच तपासतो. हाडातून जे ऐकू येतं ते नुसत्या कानाला कळत नाही. तुला एकदा सुट्टीच्या दिवशी गिरणीत नेलं होतं, सात वर्षांचा असशील तू. तुझ्या कानामागे अशीच मूठ लावली तर म्हणालास, आत कुणीतरी वाळू खातंय. बेअरिंग उघडलं तर खरंच कचरा निघाला. मुकादमांनी तुला उचलून खांद्यावर घेतलं होतं.

टीव्हीची तपासणी कशासाठी, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तीन महिन्यांपूर्वी तुझं छोटं पाकीट आलं. आत पेन ड्राइव्ह आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. ‘यातली सगळी पावलं, दारं, भांडी, कपड्यांची सळसळ मी वाजवून भरली आहे. पहिल्यांदाच पूर्ण चित्रपट एकट्यानं केला. नीट ऐका आणि खरं काय ते कळवा.’ दोन वर्षं झाली, तू घरी आला नाहीस. फोनवर आईशी बोलतोस. माझ्या हातात फोन आला की ‘तब्येत बरी ना’ आणि लगेच ‘ठेवतो’. त्यामुळे ती चिठ्ठी मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याकडे काही मागितलं होतंस. आणि मी तीन महिने गप्प राहिलो. तुला वाटलं असेल, बाबांनी पाहिलाच नसेल, किंवा पाहून नाक मुरडलं असेल. वाटायला जागाही आहे. चार वर्षांपूर्वी तू हे काम धरलंस तेव्हा तुझ्या काकांच्या देखत मी म्हणालो होतो, “पावलं वाजवायची हे काय काम झालं? चालायला तर सगळ्यांनाच येतं.” काका हसले होते. तू ताटावरून उठला नाहीस, पण पुढचा घास बराच वेळ हातात धरून ठेवला होतास.

खरं असं आहे की पाकीट आलं त्याच दिवशी आम्ही चित्रपट पाहिला. गोष्ट कळली. तुझी आई दोनदा रडली. पण तुझं काम मला ऐकूच आलं नाही. बोलणं समजावं म्हणून आवाज वाढवला की वाद्यं अंगावर यायची आणि खालच्या मजल्यावरच्या आजी काठीनं छत ठोकायच्या. कमी केला की पंख्याची घरघर त्याच्यावर. आता मी तुला काय कळवणार? ‘छान झालंय’ एवढं लिहिता आलं असतं. तुझ्या आईनं तसं सुचवलंही. पण तुझ्या चिठ्ठीत ‘खरं’ हा शब्द होता, आणि न तपासता यंत्र चालू करा म्हणून सही करणं मला गिरणीतही कधी जमलेलं नाही. रोज सकाळी देवापुढे बसलो की ती चिठ्ठी डोळ्यांपुढे यायची. तो काही बोलत नाही, पण तोही माझ्या उत्तराची वाट बघतोय असं वाटायचं.

म्हणून त्या शनिवारी टीव्हीची पाठ तपासली. आत बोटाच्या पेराएवढे दोन भोंगे, आणि दोघांचीही तोंडं भिंतीकडे. तू रात्रंदिवस खपून केलेलं काम आम्ही भिंतीवर आपटून परत आलेलं ऐकत होतो. मी तुझ्या आईला म्हणालो, आपल्याला आवाजाचं काहीतरी नीट घ्यायला हवं. ती म्हणाली, घ्या, पण माझी गाणीही त्यावर लागली पाहिजेत, आणि मालिकेतल्या बायका काय पुटपुटतात तेही कळलं पाहिजे. शिवता शिवता मान वर करून ओठ वाचायचा तिला कंटाळा आला होता. म्हणजे टीव्ही, चित्रपट आणि गाणी, तिन्हींची सोय एकाच संचात लावायची होती.

पहिल्यांदा गेलो ते मोठ्या दुकानात. तिथं एक अंधारी खोली आहे, भिंतींना कापड लावलेलं, मधोमध मागे रेलणारी खुर्ची. चारी बाजूंना स्पीकरचे डबे, दोन छतालासुद्धा, आणि कोपऱ्यात धम्म आवाज करणारा एक मोठा ठोकळा. टाय लावलेल्या विक्रेत्यानं मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या डोक्यावरून हेलिकॉप्टर नेलं. मग पूल उडवला. मग एक इमारत पाडली. दिवे लावून म्हणाला, “काय सर, छाती हलली की नाही?” मी म्हणालो, “हलली. आता जरा चालण्याचा आवाज ऐकवा.” त्याला वाटलं मी दुसऱ्याच कुठल्या वस्तूबद्दल बोलतोय. म्हणाला, “कुणाच्या चालण्याचा?” म्हटलं, “कुणाच्याही. एक माणूस घरात चालतोय, एवढंच.” बिचाऱ्यानं खूप शोधलं. शेवटी त्याला एक सैन्य सापडलं. मग मी खिशातला पेन ड्राइव्ह काढून दिला आणि तुझ्या चित्रपटातली ती बाई स्वयंपाकघरातून दारापर्यंत जाते, तो भाग लावायला सांगितला. कोपऱ्यातल्या ठोकळ्यानं तिची पावलं हातात घेतली. पन्नास किलोची बाई हत्तीसारखी दाराकडे गेली. मी पाणी मागितलं, आभार मानले आणि निघालो.

दुसऱ्या दुकानात टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी दाखवली. दिसायला सुटसुटीत, वायर एकच, आणि बोलणं अगदी स्वच्छ. तुझी आई बरोबर होती, तिला पसंत पडली. मीही जवळजवळ हो म्हणालो होतो. पण बाई चालली तरी पावलं एकाच जागी. दार डावीकडे, चूल उजवीकडे, पोरगं खिडकीत, आणि आवाज मात्र सगळ्यांचे मधल्या वीतभर जागेतून. सगळं घर एका फळीवर दाटीवाटीनं बसल्यासारखं. मी तसं म्हणालो तर तिथला माणूस हसून म्हणाला, “काका, इतकं कोण ऐकतं हो?” त्यानं सहज विचारलं, पण तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. इतकं कुणी ऐकत नसेल, तर माझा मुलगा दिवसभर करतो काय? आणि इतकं ऐकणारा एकसुद्धा माणूस त्याला त्याच्या घरात मिळू नये?

वेल्डरनं, आपल्या तंबोऱ्यानं (तो अजून काम करताना गुणगुणतो, आणि अजून बेसूरच), मला बस थांब्यामागच्या गल्लीतलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सांगितलं. चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. नवऱ्यामागे दुकान त्यांनीच सांभाळलंय. चष्मा दोरीनं गळ्यात, हातात वायरींना डाग द्यायची गरम कांडी. वर न बघता म्हणाल्या, “काय बिघडलंय?” म्हटलं, काही बिघडलेलं नाही, घ्यायचंय. “मग इकडे कशाला आलात? घेणारे लोक मोठ्या दुकानात जातात. बिघडल्यावर इकडे येतात.” मग त्यांनी विचारलं, खोली केवढी? आतापर्यंत कुणीही हे विचारलं नव्हतं. मी इंचात मापं दिली. दार कुठं, खिडकी कुठं, टीव्हीसमोर किती अंतरावर बसतो, शिलाई यंत्र कुठल्या कोपऱ्यात. तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, एवढ्या खोलीला सात डबे म्हणजे चार माणसांच्या घरात चाळीस पाहुणे. चांगले दोन डबे घ्या, त्यांना चालवणारा एक अॅम्प्लिफायर घ्या, गाणीही त्यावर, टीव्हीही त्यावर. उरलेल्या पैशात खिडकीला जाड पडदा शिवून घ्या, त्यानं जास्त फरक पडेल.

त्यांनी दुकानातच जोडून ऐकवलं. वर्दळीचा रस्ता समोर, तरी ती बाई उजवीकडून डावीकडे गेली, आणि मी मान वळवून तिच्यामागे बघितलं. दुकानदार बाईंनी तो भाग पुन्हा लावला, स्वतःसाठी. मग विचारलं, “हेच का ऐकायचंय तुम्हाला? यात कुणी ओळखीचं आहे का?” मी म्हणालो, “नाही. कुणी नाही. अशीच हौस.” हे मी का म्हणालो, ते पुढे लिहितो. थोडा धीर गोळा होऊ दे.

जोडायला माणूस पाठवते म्हणाल्या, तर मी ऐकलं नाही. एकतीस वर्षं मोटारी जोडणाऱ्यानं दोन डबे जोडायला माणूस बोलवायचा? गिरणीतल्या जुन्या खोक्यांच्या लाकडाचे दोन स्टूल केले, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे. भिंतीपासून हातभर पुढे ठेवले. वायरी भिंतीच्या कडेनं अशा नेल्या की तुझ्या आईलाही नाव ठेवायला जागा मिळाली नाही. सुरू केलं, तर बाई पडद्यावर डावीकडे चाललीय आणि पावलं उजवीकडे. म्हटलं, उलटं फिरतंय. गिरणीत मोटार उलटी फिरली की काय करतात, तुला माहीत आहे. दोन वायरी काढायच्या, अदलाबदल करून परत लावायच्या. मी एका डब्यामागच्या दोन वायरी तशा बदलल्या. परत लावून बघितलं. आता पावलं उलटी जात नव्हती. म्हटलं, झालं.

आणि मग आम्ही दोघं तुझा चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला बसलो. लेका, मला वाईट वाटलं. सगळं पोकळ होतं. पावलं होती, पण जमिनीवर नव्हती. माणसं बोलत होती ती विहिरीच्या काठावरून. भांडं ठेवलं तर त्याला वजन नाही, दार लावलं तर त्याला लाकूड नाही. तुझी आई म्हणाली, “आवाज घरभर आहे, पण माणूस कुठंच नाही.” दहा दिवस मी रोज गिरणीतून येऊन तेवढाच भाग ऐकत होतो आणि रोज तेच. मी ठरवलं की आता खरं लिहायचं. बसून पत्र लिहिलंही. ‘तू मेहनत घेतली आहेस हे दिसतं, पण काम पोकळ वाटतं. अजून वेळ गेलेली नाही, दुसरं काही शिकता येईल.’ हे वाक्य मी माझ्या हातानं लिहिलं आहे. पाकिटावर तुझा पत्ता घातला. ते पाकीट चार दिवस माझ्या शर्टाच्या खिशात होतं. रोज टपालपेटीवरून जायचो आणि टाकायचं राहून जायचं. मी त्याला आळस म्हणत होतो. आता वाटतं, कुणीतरी हात धरला होता.

पाचव्या दिवशी रविवार होता. तुझ्या आईनं शिवायला बसताना तिचं ते जुनं गाणं लावलं. लग्नाआधीपासून तिला पाठ आहे ते, गाणारीनं श्वास कुठं घेतला तेसुद्धा. अर्धं कडवं झालं आणि तिनं यंत्रावरचा पाय काढला. म्हणाली, “ही बाई अशी गात नाही.” मी म्हटलं, तुला आता चांगलं ऐकू येतंय म्हणून वेगळं वाटतंय. “वेगळं नाही. बाईच नाही यात. मागचे वाजवणारे आहेत, मधली बाई कुठं गेली?” मग दोरा तोडत म्हणाली, “तुम्ही पोराचं काम तपासताय का तुमचं?” मी उठलो, खिशातलं पाकीट काढलं आणि फाडलं. तिला त्यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. तुला आत्ता सांगतोय.

दुसऱ्या दिवशी मी बोलावलं म्हणून त्या दुकानदार बाई संध्याकाळी बॅटरी घेऊन आल्या. आमच्या तीन मजल्यांना शिव्या घालत वर चढल्या, डब्यामागे वाकल्या आणि तिथूनच हसायला लागल्या. “तुम्ही मोटारवाले ना? वाटलंच.” मग खाली बसून मला समजावलं, शाळेत बाई सांगतात तसं. डावा आवाज उजव्या डब्यात गेला होता, तर अॅम्प्लिफायरच्या पाठीला जागा बदलायची. ते सोडून मी एका डब्याचं पोट उलटं केलं होतं. दोन्ही डब्यांतले आवाज काढणारे पडदे एकदम पुढे यायला हवेत आणि एकदम मागे जायला हवेत. माझा एक पुढे येत होता तेव्हा दुसरा मागे जात होता. म्हणाल्या, “मधल्या हवेनं बिचारीनं कुणाचं ऐकायचं? मधला माणूस मग मरतोच. तुम्हा दोघांचं कधी होत नाही का असं?” तुझी आई म्हणाली, “रोज होतं. पण आम्हाला वायरी नाहीत.” दोन मिनिटांत त्यांनी ते सरळ केलं. एकतीस वर्षांचा अनुभव, आणि त्यानं माझ्या मुलाचं काम मारून टाकलं होतं. कमी शिकलेल्या माणसानं अशी चूक केली नसती. ती करायला माझ्याएवढीच अक्कल लागते.

मग आम्ही तिघांनी ऐकलं. मी बाकीच्या सगळ्याबद्दल सविस्तर लिहीन, मी टिपणं काढली आहेत. पण आधी तो जिना. पडद्यावर फक्त खोली दिसते, बाई भाकऱ्यांचं पीठ मळतेय नि पोरगं गणितं सोडवतंय. बाप दिसत नाही. जिन्यावर पावलं येतात, थकलेली, डावा पाय किंचित जड. पहिला मजला, दुसरा, तिसरा. दाराबाहेर येतात आणि थांबतात. पोरगं पेन्सिल खाली ठेवतं. बाहेर कपड्याची सळसळ, एक श्वास, आणि मग काही नाही. बराच वेळ काही नाही. आणि तुझी आई उठली, हात पदराला पुसले आणि दार उघडायला गेली. मी तिच्या शेजारी बसलो होतो, लेका. मी घरातच होतो आणि ती मला दार उघडायला गेली. कडीवर हात गेल्यावर तिला कळलं. वळून माझ्याकडे बघितलं, हसलीही आणि मग बसली ती कडेच्या खुर्चीवर, पदर तोंडाला लावून.

चित्रपटातला बाप तापट आहे. ती शांतता ऐकणाऱ्याला घाबरवते, आणि घाबरवावं म्हणूनच तू ती केली असणार. दिग्दर्शकाला हवं ते तू दिलंस. पण ती तुला कुठं मिळाली हे मला कळलं, कारण त्या शांततेच्या दुसऱ्या बाजूला वीस वर्षं मी उभा होतो आणि या बाजूला तू. मला कधी वाटलंच नाही की आत कुणी ऐकत असेल. तर तिथं मी काय करायचो ते सांगतो. मला काम शिकवणाऱ्या जुन्या फिटरचा हात माझ्यासमोर रुळात गेला होता. तेव्हापासून रोज घरी आल्यावर, दार वाजवण्याआधी, मी दोन्ही तळवे समोर धरतो, दहा बोटं बघतो आणि देवाला म्हणतो, आजचा दिवस पूर्ण आणलास. मग गिरणीतला जो काही राग असेल, साहेबाचं बोलणं, कुणाची कटकट, ते तिथंच ठेवून आत यायचा प्रयत्न करतो. कधी लवकर ठेवलं जायचं, कधी वेळ लागायचा. आणि काही दिवशी ते बाहेर राहिलं नाही, माझ्याबरोबर आत आलं, हेही खरं आहे. तुझ्यावर मी हात उचलला नाही, पण तू पेन्सिल खाली ठेवत होतास हे मला इतक्या वर्षांनी एका चित्रपटातून कळलं. तुझं ऐकणं चुकीचं नव्हतं. अर्धंच होतं, कारण उरलेलं अर्धं मी कधी सांगितलं नाही.

आता तू मागितलेलं खरं. तुझं काम पक्कं आहे. बाई आजारी पडल्यावर तिच्या चपलेचा टाचेकडचा आवाज हळूहळू जातो, हे मला तिसऱ्यांदा ऐकताना कळलं, आणि कळल्यावर मी टीव्ही बंद करून नुसता बसलो. एकच चूक आहे. तो सायकलवाला नट आवळतो, तिथं तू वाजवलेला आवाज नट सैल करण्याचा आहे. आवळताना शेवटी पाना दाताखाली खडा आल्यासारखा कुरकुरतो, सैल करताना तो सुरुवातीलाच ओरडतो. बाकी कुणाला कळणार नाही. पण तू ‘खरं’ म्हणालास.

त्या दिवशी चित्रपट संपल्यावर दुकानदार बाई उठता उठता म्हणाल्या, “ही पावलं ज्यानं वाजवली त्याला कान आहेत.” मी वायरी नीट करत राहिलो. तुझी आई म्हणाली, “आमच्या मुलानं.” बाईंनी माझ्याकडे बघितलं. “दुकानात तर तुम्ही म्हणालात, कुणी नाही.” एवढंच, आणि बॅटरी पिशवीत टाकून गेल्या. त्यांना मी खोटं का सांगितलं? लेका, सवय झाली होती. तू शिक्षण सोडलंस तेव्हा कॅन्टीनमध्ये मुकादमांनी विचारलं, पोरगा काय करतो? माझ्या तोंडून गेलं, कंप्युटरच्या कंपनीत आहे. मग त्यांच्या घरचा प्रिंटर अडला की ते मला म्हणायचे, पोराला विचार. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला विचारून दुसऱ्या दिवशी उत्तर आणून द्यायचो, तुझं म्हणून. दोन वर्षांपूर्वी मी डबा विसरलो आणि तू तो द्यायला गिरणीच्या गेटवर आलास. मुकादमांनी तुझा खांदा धरला, “काय कंप्युटरवाले, तू सांगितलंस तसं केलं आणि प्रिंटर लगेच चालू झाला बघ.” तू माझ्याकडे बघितलंस. मी गेटवरच्या हजेरीच्या वहीत बघत राहिलो. आणि तू म्हणालास, “हो काका. आता नीट चालतो ना?” दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तू गेलास. आईला काही सांगितलं नाहीस, मला काही विचारलं नाहीस. माझं खोटं माझ्यासाठी सांभाळलंस आणि त्यानंतर घरी आला नाहीस.

हे पत्र चित्रपटाबद्दल कळवायला लिहितोय असं तुला आतापर्यंत वाटलं असेल. ते तर आहेच, पण ते फोनवरही सांगता आलं असतं. लिहितोय ते यासाठी की काल, रविवारी दुपारी, मी मुकादम, तंबोरा आणि बॉयलरवाल्याला घरी बोलावलं, नवा संच ऐकायला या म्हणून. मुकादम येताना विचारायला एक कागद घेऊन आले होते, प्रिंटरवर लाल दिवा लागतो म्हणून. तो कागद मी हातात घेतला आणि उभ्यानंच सांगितलं की माझा मुलगा कंप्युटरच्या कंपनीत नाही, कधीच नव्हता. तो चित्रपटांतल्या माणसांची पावलं वाजवतो, मला त्याची लाज वाटत होती म्हणून मी चार वर्षं तुमच्याशी खोटं बोललो, आणि गेटवर त्यालाही तेच बोलायला लावलं.  मग मुकादम म्हणाले, “मग माझा प्रिंटर कोण दुरुस्त करत होतं?” म्हटलं, झेरॉक्सवाला. तंबोरा हसायला लागला. मुकादम हसले नाहीत. म्हणाले, “तुझं तू देवाशी बघ. पण त्या पोरानं तुझ्यासाठी माझ्या तोंडावर हो म्हटलं, ते मला लागलं.” मग खाली बसले आणि म्हणाले, लाव. जिन्याचा भाग त्यांनी तीनदा लावायला सांगितला. जाताना तुझा पत्ता मागितला, तो मी दिला आहे. त्यांचं पत्र तुला येईल, त्याआधी माझं पोचावं म्हणून आज कामावर जाण्यापूर्वी लिहायला बसलो. आता गेटवर कुणीही तुझा खांदा धरला तर तुझं जे काम आहे तेच तू सांग. तिथं सगळ्यांना ते मी सांगून ठेवलं आहे.

तुझाच,
बाबा